गंजाशी केलेला तह

नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम पाहायला गेलात, तर एक गोष्ट करून पाहा. रणगाड्याच्या तोफेचा फोटो काढून झाला की खाली वाका आणि त्याचं मडगार्ड, हत्यारांच्या पेट्या, पत्र्याचे सांधे बघा. पॅटनसारख्या रणगाड्याचं समोरचं चिलखत सुमारे शंभर मिलीमीटर जाड असतं. गंजाला ते खायला शतकं लागतील. पण कडेचा पातळ पत्रा एक-दोन पिढ्यांतही संपू शकतो. तुमच्या आजोबांच्या जीपचा किंवा मामाच्या फियाटचा पत्रा तर जेमतेम एक मिलीमीटरचा. म्हणजे जुनी गाडी जपणाऱ्याचा आणि रणगाडा जपणाऱ्याचा शत्रू एकच.

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये उभं केलं. पण या शहराचं धातूशी नातं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ओतली गेली ती नगरला, १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहासाठी. ओतणारा कारागीर होता मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे ५५ टन. १८५४ मध्ये तिचा लिलाव काढला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. एवढ्या किमतीत देण्यापेक्षा ठेवलेली बरी, असं ठरलं आणि ती भंगारात जायची वाचली.

ही तोफ पावणेपाचशे वर्षांनंतरही धड आहे, कारण ती तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूची आहे. या धातूवर हवेने जो थर चढतो तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचं नशीब वेगळं. त्याचा गंज भुसभुशीत असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रे सोडतो आणि त्या फटींतून पाणी पुन्हा आत जातं.

मग प्रश्न असा : लोखंडाच्या गंजालाही घट्ट बसायला शिकवता येईल का? ‘रस्ट कन्व्हर्टर’ नावाच्या बाटलीत याच प्रश्नाची दोन उत्तरं असतात.

पहिलं उत्तर फॉस्फोरिक आम्लाचं. ते गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतं. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेटने लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट १९०६ मध्ये घेतलं आणि पुढे ही पद्धत बंदुकांपासून मोटारींपर्यंत पोचली. पण असाच थर दिल्लीच्या लोहस्तंभावर सुमारे सोळाशे वर्षं आहे. जुन्या भट्टीतल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला होता. त्यातून तयार झालेल्या फॉस्फेटच्या थराने स्तंभ राखला, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासातून दाखवलं.

दुसरं उत्तर टॅनिनचं, आणि ते तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोड काळी पडते. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि निळसर काळं संयुग बनतं. कलमकारीचे कारागीर हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर गंजलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी फिरवतात आणि काळी रेघ मिळवतात. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाईही याच जातीची. हा हिरडा कुठून येतो? नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातून, शेजारच्या जुन्नर-आंबेगावातून. तिथली महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करून, वाळवून विकतात. ब्रिटिश काळात हीच फळं ‘मायरोबलन’ नावाने कातडी कमावण्यासाठी परदेशी जात. बाजारातल्या बाटलीतलं टॅनिन हिरड्याचंच असेल असं नाही, पण रसायन तेच.

आता गॅरेजमधली गोष्ट. कन्व्हर्टर म्हणजे जादू नव्हे. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा लागतो. तेल, माती आणि मीठ धुवावं लागतं. औषध फक्त चिकटून राहिलेल्या पातळ गंजावरच काम करतं. पत्रा काळा पडून सुकला की वर प्राइमर आणि रंग हवाच, नाहीतर पुढचा पावसाळा हिशेब मागतो. आणि जिथे पत्र्याला भोक पडलंय तिथे कुठलंही रसायन लोखंड परत आणत नाही. तिथे जुना पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

संग्रहालयातल्या वस्तूबाबत पेच आणखी अवघड आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन उसाच्या शेतांत आणि चिखलात अडकले आणि फुटले. नगरच्या संग्रहालयातही पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आहे. अशा रणगाड्यावर गोळा लागल्याची खूण असेल, तर तिच्या कडाही गंजतात. ती घासून, पुट्टी भरून, चकचकीत हिरवा रंग मारला, तर रणगाडा नवा दिसेल, पण लढाई पुसली जाईल. हात न लावता सोडला, तर गंज तीच खूण खाऊन टाकेल. कन्व्हर्टर या दोन टोकांच्या मधला रस्ता देतो, पण फुकट नाही. एकदा गंजाचं फॉस्फेट किंवा टॅनेट झालं की मागे फिरता येत नाही. म्हणून आधी फोटो, रंगाच्या थरांची नोंद, जुन्या आकड्या-अक्षरांची नक्कल, एका कोपऱ्यात चाचणी, आणि मगच ब्रश.

घरच्या गाडीलाही हेच लागू. दारावर आजोबांच्या हाताने रंगवलेला नंबर असेल, तर त्यावर पॉलिश पेपर फिरवण्याआधी एक फोटो काढून ठेवा. गेलेला पत्रा परत येत नाही. उरलेला मात्र हिरड्याच्या काळ्या रंगाखाली आणखी बरीच वर्षं टिकेल, आणि तो कोणाचा होता हेही सांगत राहील.