ई-पत्रांची सहपत्रे : 'वेब पेज' स्वरूपातील जतनाचा ऐतिहासिक विचार

ई-पत्र 'वेब पेज' या स्वरूपात जतन केले असता मूळ फाइलीशेजारी तिच्याच नावाचे, शेवटी 'फाइल्स' हा शब्द जोडलेले एक फोल्डर पुष्कळदा आपोआप तयार होते. कार्यालयांत ते अडगळ समजून काढून टाकण्याची प्रवृत्ती आढळते. हे फोल्डर मुळात का निर्माण होते, हे पाहिल्याखेरीज त्याचे काय करावे हे ठरविता येणार नाही.

त्याच्या मुळाशी दोन भिन्न परंपरा आहेत. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या 'माइम' मानकाने मजकूर, चित्रे व सहपत्रे एकाच लखोट्यात बांधण्याची सोय केली. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबची रीत उलट आहे. तेथे पृष्ठात सामान्यतः चित्र नसते, चित्राचा केवळ पत्ता असतो. पुढे ई-पत्रेच एचटीएमएलमध्ये लिहिली जाऊ लागली व लखोट्यात वेब पृष्ठ आले. असे पत्र वेब पृष्ठ म्हणून जतन करणे म्हणजे तो लखोटा फोडणे होय. मजकूर एका फाइलीत जातो, चित्रे फोल्डरमध्ये राहतात.

वस्तुतः यावर उपाय लवकरच निघाला होता. १९९७ मध्ये मांडलेल्या व १९९९ मध्ये सुधारलेल्या 'एमएचटीएमएल' मानकाने संपूर्ण पृष्ठ एकाच फाइलीत, टपालाच्याच पद्धतीने, बांधता येऊ लागले. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दोन्ही पर्याय होते. विंडोज एक्सपीने तर फाइल व फोल्डर यांची जोडी एकच वस्तू मानून हाताळण्याची सोय दिली. परंतु ती सोय त्या संगणकापुरतीच होती. फाइल एकटी दुसरीकडे पाठविली की चित्रांच्या जागी रिकामे चौकोन उरत.

आउटलुक २००७ पासून पत्रे वर्डच्या यंत्रणेतून दाखविली जाऊ लागली आणि फोल्डरमध्ये रंगयोजना व 'थीम' यांच्याही फाइली साचू लागल्या. म्हणजे अडगळीचा आरोप अंशतः खरा आहे. त्या फाइली गेल्याने मजकुराचे काही बिघडत नाही. मात्र त्याच फोल्डरमध्ये स्वाक्षरीचे अथवा एखाद्या तक्त्याचे चित्र असू शकते, आणि ते गेले तर पत्राचा पुरावाच जातो. रुमालातून सुटलेल्या कागदाचे मोल दफ्तरात बसणाऱ्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखकाच्या मते महाविद्यालयीन पत्रव्यवहारासाठी वेब पृष्ठ हे स्वरूपच गौण मानावे. त्यात प्रेषक, दिनांक, विषय एवढे दिसते. पत्र कोणत्या सर्व्हरांमधून आले याची नोंद व संदेशाचा ओळखक्रमांक उरत नाहीत. या नोंदी 'ईएमएल' स्वरूपातील मूळ संदेशात टिकतात. केवळ वाचनासाठी प्रत हवी असल्यास एकसंध 'एमएचटी' फाइल पुरेशी आहे. विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. तरी त्याने जतन केलेल्या अशा फाइली क्रोम व एज यांमध्ये आजही उघडतात.