पाटणचा मठ आणि ‘लीलावती’तील कर्णविचार

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ (इ. स. १२०७) मधील एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ प्रभृती ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, असे त्या लेखावरून कळते.

या लेखाचा उल्लेख बहुधा वंशावळीपुरताच होतो. परंतु मठात जे ग्रंथ अभ्यासावयाचे होते त्यांत प्रतिपादन कसे होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’तील चौकोनाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये चार भुजांवरून क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली. ती वर्तुळात बसणाऱ्या चौकोनासच यथार्थ लागू पडते. परंतु ही मर्यादा त्याने सांगितली नव्हती. भास्कराचार्यांचा आक्षेप असा की, भुजा त्याच राहूनही समोरासमोरचे दोन कोन आत दाबले असता एक कर्ण आखडतो व दुसरा वाढतो; सबब क्षेत्रफळ निश्चित राहत नाही. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्यास त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्यासही सोडलेले नाही.

त्यांचे उदाहरण २५ भुजेच्या समभुज चौकोनाचे आहे. भुजेच्या वर्गाच्या चौपटीतून, म्हणजे २५०० मधून, ज्ञात कर्णाचा वर्ग वजा करून मूळ घेतले की दुसरा कर्ण मिळतो. एक कर्ण ३० असल्यास दुसरा ४०; १४ असल्यास ४८. कर्णांच्या गुणाकाराचे अर्ध हे क्षेत्रफळ. ते अनुक्रमे ६०० व ३३६ येते. जुनी रीत मात्र दोन्ही ठिकाणी ६२५ हेच उत्तर देते, आणि ते केवळ चौरसासच खरे आहे. कोणत्याही समांतरभुज चौकोनात कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. वरील रीत हे त्या सिद्धान्ताचेच विशेष रूप होय.

प्राचीन भारतीय गणित म्हणजे पाठ केलेल्या सूत्रांची परंपरा, असे मत वारंवार मांडले जाते. ज्या ग्रंथपरंपरेसाठी पाटणचा मठ उभा राहिला, तिच्यातच पूर्वाचार्याच्या नियमाची अशी चिकित्सा आढळते, ही गोष्ट त्या मताच्या विरुद्ध जाते.