मराठी चित्रपटातील दलित, आदिवासी व भटके-विमुक्त कलावंत

वंचित समाजांतील माणसे पात्रे म्हणून मराठी पडद्यावर आली, पण त्या समाजांतील कलावंतांना प्रमुख भूमिका फार उशिरा मिळाल्या. नाशिक जिल्ह्यात ही उणीव अधिकच सलते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशिकला झाला आणि १९३५ मध्ये निफाडपलीकडच्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच दशकात भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा या भागात गाजत होता. गाणारे, सोंगे वठवणारे वस्त्यांत होतेच. चित्रपटाने त्यांच्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही.

‘जैत रे जैत’ (१९७७) या जब्बार पटेल यांच्या चित्रपटात ठाकर आदिवासी नायक-नायिका मोहन आगाशे व स्मिता पाटील यांनी साकारली. अभिनय अस्सल होता, तरी ठाकरांची कथा ठाकर कलावंताच्या वाट्याला आली नाही. इटलीतही असेच घडले होते. ‘काबिरिया’ (१९१४) मधील कृष्णवर्णीय माचिस्ते अंगाला काळा रंग फासलेल्या गोऱ्या बार्तोलोमेओ पागानो यांनी रंगवला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यातून आलेले कृष्णवर्णीय जॉन किट्झमिलर तिथे नट झाले. १९५७ मध्ये त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, तोही एका युगोस्लाव्ह चित्रपटासाठी. मराठीत जब्बार पटेल यांच्याच ‘मुक्ता’ (१९९४) मध्ये दलित कवी आणि नायिकेचा कृष्णवर्णीय अमेरिकन मित्र एकाच सवर्ण घराची परीक्षा घेतात.

खरा बदल नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) घडवला. कैकाडी कुटुंबातला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातला, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार पटकावले. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे साकारले नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि ताठपणा तालमीतून येणारा नव्हे. २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले.

ही दारे मोजक्या दिग्दर्शकांनी उघडली. बाकीचे निर्माते अजून त्या वाटेने फारसे गेलेले नाहीत. मंजुळे यांच्याच हिंदी ‘झुंड’मध्ये (२०२२) मात्र अमिताभ बच्चन यांच्यासोबत नागपूरच्या वस्त्यांतली मुले उभी राहिली. त्यांपैकी अंकुश गेडाम याला पदार्पणासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.