सरपण, कफन आणि वाकळ

गावात मढं पडलं की पहिला सांगावा महारवाड्यात यायचा. कुऱ्हाड घ्यायची, लाकडं फोडायची, मसणवट्यात नेऊन टाकायची. चावडीत साहेब मुक्कामाला उतरला की त्याच्या चुलीचं सरपण आपणच डोक्यावर वाहायचं, त्याच्या घोड्याचं गवत आपणच कापायचं. रात्री येसकरानं गाव राखायचा. पूस असो की माघ, खांद्यावर एक घोंगडं आणि हातात घुंगराची काठी. वतन म्हणतात ते हेच. इंग्रजी मुलखात तेच, निजामाच्या मुलखातही तेच. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता. पण डोक्यावरचा भारा ना निजामानं उतरवला ना इंग्रजानं.

दोस्तांनो, चळवळीत आपण इतिहास बोलतो तेव्हा तळं येतं, मंदिर येतं, विद्यापीठ येतं. यायलाच पाहिजे. पण हिवाळ्यात आपल्या माणसांनी रात्र कशी काढली, चार लेकरं एका पांघरुणात कशी निजवली, हे कुणी लिहीत नाही. ते बायकांच्या हातानं झालं म्हणून असेल. मला ते लिहायचंय, कारण ऊबसुद्धा इथं जातीनं वाटली गेली. गावाची चूल पेटवणारा माणूस स्वतः काकडत होता. हे काकडणं देवाकडून आलेलं नाही, त्याच्यामागं हिशेब आहे.

परभणीची थंडी बाहेरच्याला खरी वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की लोकांना ऊन आणि दुष्काळ आठवतो. पण समुद्र लांब, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आभाळाला देऊन टाकते, वर ढगाचं पांघरूण नसतं. त्यात उत्तरेचं वारं सुटलं की संपलं. डिसेंबर २०१८ च्या शेवटी इथल्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांपर्यंत उतरला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण थट्टेनं म्हणतो, त्या आठवड्यात ते खरंच वाटलं. मात्र पारा विद्यापीठाच्या रानात मोजतात. कुडाच्या अन् पत्र्याच्या घरात तो किती होता, ते कुणी मोजलं नाही.

आधी सरपणाचं बघा. लाकूड म्हणजे बांधावरची बाभूळ नाहीतर लिंब. ज्याचा बांध त्याचं लाकूड. बिनजमिनीच्या माणसाला बांध कुठला? त्याच्या चुलीत ज्वारीची धसकटं, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या. पऱ्हाटीही फुकट मिळत नाही. कापूस संपला की बाई मालकाचं रान मोकळं करून देते, चिमट्यानं एकेक पऱ्हाटी उपटते, हाताला फोड येतात, आणि मजुरी म्हणून तीच पऱ्हाटी डोक्यावर घेऊन घरी येते. मालकाचं रान साफ होतं, खिशाला हात न लावता. वर तो म्हणतो, बघा, सरपण दिलं.

पऱ्हाटी भुरकन जळते. भाकरी थापून होईस्तोवर जाळ, नंतर राख. लाकडाचा निखारा रात्र काढतो, पऱ्हाटीचा काढत नाही. म्हणून गोवरी लागते. रात्री गोवरी राखेत पुरून ठेवली की पहाटेपर्यंत विस्तव जिवंत राहतो, काडीपेटीची काडी वाचते, चुलीपाशी निजलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला धग लागते. रमाईनं गोवऱ्या थापल्या, हे आपण जयंतीला गाण्यात म्हणतो. ते शेण कुठून आणायचं, हा प्रश्न गाण्यात येत नाही. घरी ढोर नसलं तर रानात वेचायचं, आणि वेचायचं तर गायरान पाहिजे.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि ऐन थंडीत माणसांनी तुरुंग भरले. पुढं १९९१ मध्ये, १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं काढला. कागद निघाला, गावात तो किती उतरला ते तुम्ही जाणता. आपण भाषणात म्हणतो, गायरान म्हणजे पोटाला ज्वारी. घरातली बाई त्याच्यात बांधही बघते. स्वतःचा बांध, त्याच्यावर स्वतःची बाभूळ, म्हणजे दुसऱ्याच्या शिव्या न खाता पेटलेली चूल.

एक गंमत सांगतो. वऱ्हाड-नागपुराकडच्या काही गावांबद्दल जुन्या इंग्रजी पुस्तकांत लिहून ठेवलंय की, होळी आधी महारांची पेटायची आणि तिथला विस्तव नेऊन कुणब्यांची होळी पेटवायची. म्हणजे महाराघरचा विस्तव चालत होता, पाणी चालत नव्हतं. विस्तवाला विटाळ होत नाही म्हणे. विटाळ कशाला व्हावा अन् कशाला होऊ नये, हे ज्याची गरज असेल तोच ठरवत होता.

आता कापडाकडं येतो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्यांची वस्त्रं अंगावर घालावीत असा नियम आहे. पोथीतला नियम गावात आला तो ‘हक्क’ होऊन. मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क. मेल्या ढोराचं कातडं हा हक्क, सुगीतलं बलुतं हा हक्क, दारोदारचे शिळे तुकडे हाही हक्क. बेदरच्या बादशहानं आपल्याला बावन्न हक्क दिले, अशी कथा म्हातारी माणसं अभिमानानं सांगायची. बेदर आपल्यापासून फार लांब नाही. बादशहाला द्यायचंच होतं तर जमीन द्यायची होती.

ते कफन घरी यायचं, धुवायचं, वाळवायचं. त्यातलं धड कापड बाईच्या नाहीतर लेकराच्या अंगावर जायचं, उरलेलं वाकळीत. हिवाळ्यात म्हातारी माणसं जास्त जातात. म्हणजे गावात थंडीनं कुणाचा बाप नेला की महारवाड्यातल्या लेकराला पांघरूण मिळायचं. असा हिशेब ज्यांनी लावून दिला, ते आपल्याला संस्कृती शिकवत होते.

माझी आजी पाथरी तालुक्यातली. तिच्या मायनं हे दिवस काढले होते. आजी तिचं बोलणं सांगायची, “मढ्याचं कापड लई गरम ऱ्हातं बाई, पर ते पांघरून झोप यीना.” मला पोथीवरच्या दहा भाषणांपेक्षा हे एक वाक्य जास्त कळतं.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री महाडलाच खड्डा खणून मनुस्मृती जाळली. ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी, ते जन्मानं ब्राह्मण. मेलेल्याचं वस्त्र नेसा म्हणणारा तो कागद डिसेंबरच्या रात्री जळाला. आपल्या इतिहासातली ही पहिली शेकोटी, जिचं सरपण आपण दुसऱ्यासाठी वाहिलं नव्हतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. जात ओळखू येईल असं नेसू नका, स्वच्छ राहा, म्हणाले.

पण सोडणं फुकटात झालं नाही, आणि हे आपण पोरांनी नीट समजून घेतलं पाहिजे. मांस सोडलं तेव्हा पोटातला घास गेला, कफन सोडलं तेव्हा अंगावरचं पांघरूण गेलं. गावकीची कामं नाकारली की गाव वाळीत टाकायचा. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब होते. त्या कमिटीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराचं हत्यार कसं चालतं ते लिहिलंय. वाट बंद, दुकान बंद, मजुरी बंद. वाट बंद म्हणजे रानात जाणं बंद, म्हणजे धसकट नाही, शेण नाही. बहिष्कार पावसाळ्यात पडला तर उपास, हिवाळ्यात पडला तर उपास आणि थंडी दोन्ही. तरी माणसांनी सोडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, ती वार्ता गावोगाव आली, आणि हिवाळा तोंडावर असताना माणसं जुने हक्क नको म्हणाली. अंगावर घ्यायला दुसरं काही नसताना नको म्हणाली.

मग पांघरूण आलं कुठून? बायकांच्या सुईतून. वाकळ तुम्ही रोज पांघरता, तिच्याकडं कधी बघितलंय का? खाली-वर जुन्या लुगड्याचं पान, आत चिंध्या, धोतराचे तुकडे, फाटक्या सदऱ्याच्या बाह्या. कडेपासून धावदोरा घालत आत जायचं, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत. टाके जवळ घातले की चिंध्या सरकत नाहीत, थरांमध्ये हवा धरून राहते, तीच ऊब. हे कुठल्या पुस्तकात वाचून कुणी शिकलं नाही. मजुरी करून आल्यावर, भाकरी झाल्यावर, चिमणीच्या उजेडात वाकळ व्हायची. पावसाळा सरला की सुरू केलेली ऐन थंडीला पुरी व्हायची. घोंगडं धनगराकडून घ्यायचं तर दाणे मोजावे लागत, ते बहुतेक घरात एकच, आणि ते बाहेर जाणाऱ्या गड्याचं. बाई, म्हातारी, लेकरं वाकळीत. बाळंतीण असली तर घरातली सगळ्यात जाड वाकळ तिला, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी. नवरा मग पोत्याची खोळ घेऊन कुडाला पाठ लावून बसायचा.

हीच वाकळ चळवळीतही हिंडली. आपलं कॅलेंडर बघा, सगळं हिवाळ्याचं आहे. मराठवाड्यातली पहिली मोठी परिषद भाऊसाहेब मोऱ्यांनी ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मकरणपूरला घेतली, बाबासाहेब आले होते. ६ डिसेंबर, २५ डिसेंबर, १ जानेवारी. नामांतराचा लाँग मार्च १९७९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. खरिपाची सुगी झालेली असते, दोन पैसे हातात असतात, म्हणूनही असेल. दादरला जायचं तर परभणी टेसनावर मनमाडकडं जाणाऱ्या गाडीत बाया गाठोडी घेऊन चढतात. गाठोड्यात भाकरी, चटणी अन् वाकळ. शिवाजी पार्कच्या धुळीत तीच अंथरायची, तीच पांघरायची.

मधले दोन हिवाळे मात्र वाईट गेले. १९७२ च्या दुष्काळात ढोरं विकली, मेली. शेण नाही, कापूस नाही म्हणून पऱ्हाटी नाही, ज्वारी नाही म्हणून धसकट नाही. दुष्काळ म्हणजे भाकरी नाही एवढंच लोकांना आठवतं, पण चूल पेटवायलाही काही नव्हतं. दिवसा खडी फोडायची, रात्री पोतं. दुसरा १९७८ चा. २७ जुलैला नामांतराचा ठराव झाला आणि परभणी-नांदेडपासून मराठवाडाभर आपली घरं जळाली. घर जळतं तेव्हा दाणे अन् वाकळा पहिल्यांदा जातात. दाणे सरकारनं, संघटनांनी थोडेफार दिले असतील. वीस वर्षांची लुगडी साठवून केलेली वाकळ कोण देणार? चार महिन्यांत थंडी दारात उभी होती.

आता आजचं थोडं. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडून आपली माणसं उचल घेऊन उसाला जातात. दसरा-दिवाळीपासून त्यांचं घर म्हणजे कोपी. बांबू, पाचट, प्लास्टिक. पहाटे अंधारात उसात शिरायचं, पानावरचं दव सगळं अंगावर. मागं गावात म्हातारी एकटी, तिचा विस्तव तिनंच सांभाळायचा. घरकुल आलं, वर पत्रे आले. पत्रा उन्हाळ्यात तापतो, थंडीत गारठतो, पहाटे आतल्या बाजूनं टिपकतो. कुडाची भिंत अन् मातीचं धाबं ऊब तरी धरायचं. गॅस आला, चांगलं झालं, बायकांचे डोळे वाचले. पण गॅस भाकरी भाजतो, खोली गरम करत नाही. टाकी संपली की तीन दगडाची चूल अजून मागच्या दाराला आहेच.

मी जिनात काम करतो. दिवाळीच्या आसपास हंगाम लागतो, मानवत, सेलू, परभणी सगळीकडं कापसाच्या गाड्यांची रांग. क्विंटलभर कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. एका गठाणीत १७० किलो रुई दाबतात. एका रजईला दोन किलो धरली तर एका गठाणीत ८५ रजया होतील. महारवाडा अन् मांगवाडा दोन्ही निजतील. ही रुई आमच्या नाकात जाते, केसात बसते, घरी मात्र चिंध्यांचीच वाकळ. जिनात विस्तव चालत नाही, बिडीसुद्धा गेटाबाहेर. आग लागते, हे खरंच आहे. पण रात्रपाळीच्या माणसाला शेकायला गेटाबाहेर एक कोपरा कुणी बांधून देत नाही.

आणि वाकळही बदलली. साड्या आता नायलॉन-पॉलिस्टरच्या, टाका धरत नाहीत, घाम धरत नाहीत, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतात. चुलीपाशी लेकरू निजवायची भीती वाटते. मग डिसेंबरात कुणीतरी पुढारी ब्लँकेट वाटायला येतो. बारीक, विरळ, वर त्याचं नाव छापलेलं. म्हातारीला रांगेत उभं करून फोटो काढतो. आपल्या माणसांनी कफन घेणं सोडलं ते ह्या रांगेसाठी सोडलं नव्हतं. आपल्या शाखांनी असले कार्यक्रम तरी करू नयेत. मागायचंच असेल तर जिनाच्या गेटावर शेकायची जागा मागा, कोपीच्या जागी पक्की खोली मागा, गायरानाचा सातबारा मागा.

ज्यांनी कफनाचे दिवस आपल्या आया-सासवांकडून ऐकले, अशा म्हाताऱ्या प्रत्येक वस्तीत दोन-चार उरल्यात. त्यांना वाकळ शिवायला बसवा आणि समोर वही घेऊन बसा. टाका घालताना बाई जास्त बोलते. आमच्या वस्तीत चौघींचं लिहून झालंय. दोघी राहिल्यात, ह्या आठवड्याची रात्रपाळी संपली की त्यांच्याकडं जायचंय.