बारा अंशांचा फरक

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शेततळ्यात जंबो कोळंबीचं बीज सोडलं, त्या एप्रिलमधल्या दिवसाची ही नोंद.

रात्री ९. बीज सोडायला अजून १७ तास.
कोकणातल्या हॅचरीत पिशव्या भरल्या जात होत्या. एकेका पिशवीत पाच-सहा लिटर पाणी, हजारभर बीज, वर प्राणवायू. पाणी हळूहळू २२ अंशांवर आणलेलं. गारव्यात बीज शांत राहतं, प्राणवायू कमी लागतो, एकमेकांना खाणंही कमी होतं. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, सोबत बर्फ. इथवर सगळं बिनचूक.

पहाटे ३. अकरा तास.
घाटात टायर फुटला.

सकाळी ७. सात तास.
तळ्याचं पाणी २७ अंश. गाडी ठरल्या वेळी आली असती, तर फरक फक्त पाच अंशांचा होता.

दुपारी साडेबारा. दीड तास.
गाडी पोहोचली. पेटीत बर्फाचे खडे शिल्लक होते, पिशव्या हाताला गार लागत होत्या. काचेसारखी पारदर्शक पिल्लं, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, चांगली हलत होती.

पावणेदोन. पंधरा मिनिटं.
काळ्या प्लास्टिकच्या अस्तरामुळे काठाचं पाणी ३४ अंशांवर गेलेलं. या जातीला २८ ते ३१ मानवतं. ३५च्या पुढे जीव धोक्यात. थर्मामीटर माझ्या खिशात होता. पण भोवती एकच घाई, "लवकर सोडा, पिशवीतच मरतील." मी ऐकलं. ही चूक माझी.

दुपारी २.
नारळ फोडला, पिशव्या काठावर रिकाम्या केल्या. कोळंबीला स्वतःची ऊब नसते. पाण्याचं तापमान तेच तिचं. एवढासा जीव काही क्षणांत बारा अंशांनी तापला. शरीर एकदम जास्त प्राणवायू मागू लागलं, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. काही पिल्लं उलटी उसळली, मग कुशीवर पडली.

संध्याकाळी ५.
पाणी स्वच्छ दिसत होतं. मेलेली पिल्लं माशांसारखी वर येत नाहीत, तळाशी बसतात. म्हणूनच हा घात अनेकांना थेट काढणीच्या वेळी, जाळं रिकामं आल्यावर कळतो.

दुसरा दिवस, सकाळी ६.
मोजून शंभर पिल्लं हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वेगळी ठेवली होती. हापा उचलला. तळाशी पांढरा थर होता. काचेसारखी अंगं शिजलेल्या भातासारखी पांढरी पडली होती.

बीज उन्हात पोहोचलं, तर पेट्या झाडाखाली उतरवा. पिशव्यांतलं पाणी बीजासकट पिंपात घ्या, हवेचा पंप लावा, तळ्याचं पाणी तांब्या-तांब्याने मिसळत जा. दोन्हीकडचा पारा जुळेपर्यंत, ऊन उतरेपर्यंत थांबा. आणि हाप्यात शंभर पिल्लं ठेवाच.