चालवून पाहिल्याशिवाय : पद्मिनीपासून ऑक्टाविया आरएसपर्यंत



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने मोटारीवर का बोलावे, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. ज्ञान कशाने होते, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. न्यायदर्शनाने त्याची चार साधने सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आता गाडी घ्यायला निघालेला माणूस बघा. विक्रेता सांगतो आणि माहितीपत्रक छापते, तो झाला शब्द. 'तुमच्या मेव्हण्यांची आहे ना, तशीच, जरा लांब,' हे उपमान. इंजिनाचा आकडा वाचून 'ही जोरात पळणार' असे मनाशी ठरवणे हे अनुमान. आणि शेवटी चावी हातात घेऊन स्वतः एक फेरी मारणे, ज्याला आपण सगळेच आता टेस्ट ड्राइव्ह म्हणतो, ते प्रत्यक्ष. ही फेरी आज इतकी सवयीची झाली आहे की तिलाही इतिहास आहे हे लक्षात येत नाही. तो इतिहास आज आपण पाहू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करावी लागते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. जहाजे, विमाने आणि मोटारी हिंदुस्थानातच तयार व्हाव्यात, हा या माणसाचा ध्यास. सर विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकात मोटार कारखान्याची योजना घेऊन फिरत होते, तिलाही वालचंदांची साथ होती. इंग्रज सरकारला उत्साह नव्हता. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना झाला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, पुढे इटलीच्या फियाटशी. १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट आली, तिचेच नाव पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर, आणि कित्येक वर्षे गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे.

ही गाडी घेणाऱ्याला ती चालवून पाहायला मिळत होती का? हा प्रश्नच त्या काळी कुणाला सुचला नसता. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखान्याने किती माल काढायचा हे परवान्यावर ठरत होते. गाड्या थोड्या, मागणारे जास्त. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. नंबर लागला की जी गाडी येईल ती, ज्या रंगात येईल त्या रंगात, पेढे वाटून घरी आणायची. तेव्हा परीक्षा गाडीची नव्हती, गिऱ्हाइकाच्या सबुरीची होती. चार प्रमाणांपैकी एकटा शब्द शिल्लक राहिला होता, आणि तोसुद्धा सरकारचा.

वेगाची हौस त्या काळातही होतीच. मुंबईच्या जुहू विमानतळाच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती होत. पण ती हौस मूठभरांची. सामान्य सेडानमध्ये ती उतरली नाही. १९८४ ची काँटेसा अंगाने दांडगी, पण सुरुवातीला तिला दीड लिटरचे जुनेच इंजिन होते. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर तिच्यात जीव आला. १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईला निस्सानचे इंजिन मिळाले, तेही साधारण ५२ अश्वशक्तीचे.

मग १९९१ आले आणि १९९३ मध्ये प्रवासी मोटारींवरचे परवान्याचे बंधन उठले. सिएलो, अॅस्ट्रा, लान्सर, होंडा सिटी अशी नावे पाठोपाठ आली. विकणारे अनेक झाले म्हणून विकत घेणाऱ्याला किंमत आली. 'साहेब, एकदा चालवून तर बघा,' हे वाक्य आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मले. आमच्या पिढीला ते ऐकताना संकोच वाटे. न घेतलेल्या वस्तूला हात कसा लावायचा! पण संकोच बाजूला ठेवून बघा, ही मोठी घटना होती. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या नोकरदाराच्या स्वतःच्या अनुभवाला बाजाराने प्रमाण मानले होते.

आणि याच टप्प्यावर महाराष्ट्रातला दुसरा कारखाना गोष्टीत येतो. २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला श्कोडा कंपनीची ऑक्टाविया जोडली जाऊ लागली. ही कंपनी मुळात चेक देशातल्या दोन सायकलवाल्यांची, १८९५ सालची. २००४ मध्ये तिने ऑक्टाविया आरएस आणली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या वायूच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. शंभर टक्के संसारी दिसणारी, मागे भरपूर सामान मावणारी सेडान, आणि पोटात शर्यतीची उमेद. पुढे २०१७ मध्ये दोन लिटरची २३० अश्वशक्तीची आरएस आली, २०२० मध्ये २४५ ची, तीही भारतासाठी फक्त २०० गाड्या.

ही २३० ची गाडी आम्ही चालवली आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती घेतली होती. 'सर, ज्ञानमीमांसा शिकवलीत, आता प्रत्यक्ष घ्या,' म्हणून चावी हातात दिली. सोलापूर सोडून हत्तूर मागे टाकले, वडकबाळला सीना ओलांडली आणि तुमच्या मंद्रूपच्या दिशेने विजयपूर रस्त्याने आलो. आता त्या फेरीत काय जाणवले ते क्रमाने सांगतो.

बैठक खोल आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी. आत बसताना सत्तरीच्या गुडघ्यांना त्रास होतो, पण एकदा बसलो की वळणावर अंग हलत नाही. स्टिअरिंगला वजन आहे, बोटभर फिरवले तर गाडी बोटभरच वळते. गाडी जमिनीला जवळ आणि स्प्रिंगा कडक, त्यामुळे गावातल्या गतिरोधकावर तिला नव्या नवरीसारखे जपून न्यावे लागते. गिअर आपोआप पडतात, दोन क्लच असल्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो, धक्का म्हणून लागत नाही. पायाखालचे पेडल जरा जास्त दाबले की अर्धा क्षण काहीच होत नाही, मग पाठ खुर्चीला चिकटते. ती जी ओढ आहे ना, ती आनंदाची आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. वैराग्यावर कितीही व्याख्याने दिली असली तरी.

पण सगळ्यात महत्त्वाचे जाणवले ते वेगळेच. रस्ता मोकळा होता, आतमध्ये शांतता होती, आमच्या गप्पा चालल्या होत्या. शरीराला विचारले असते तर साठाचा वेग असेल असे त्याने सांगितले असते. काट्याकडे पाहिले तर आकडा ९५ चा होता. कायद्याच्या आत, कारण २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारीला १०० ची कमाल मर्यादा दिली होती. पण शरीराची साक्ष आणि काट्याची साक्ष जुळत नव्हती.

पद्मिनीत असे होत नसे. सत्तरच्या पुढे गेलात की खिडक्या वाजत, स्टिअरिंग थरथरे, मागून आई म्हणे, 'जरा हळू.' तिथे वेग प्रत्यक्ष होता. कान, हात, पाठ, सगळे सांगत. चांगली, नेटकी बांधलेली गाडी ही सगळी साक्षीदार मंडळी गप्प करते. तिच्यात वेग जाणवत नाही, तो वाचावा लागतो. म्हणजे ज्या फेरीला आपण प्रत्यक्ष प्रमाण म्हणून निघालो, तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्टच प्रत्यक्षातून निसटून पुन्हा शब्दात, आकड्यात जाऊन बसली. गाडी जितकी उत्तम, तितके हे खरे. हा त्या गाडीचा दोष नाही. तिचा तो गुणच आहे, आणि म्हणून त्याचा विचार करायला हवा.

आता तो आकडा रस्त्यावर उतरवून बघू. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काही दिसले, ते मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, उत्तम ब्रेकने थांबायला आणखी पन्नासेक मीटर. एकूण नव्वदच्या पुढे. हाच हिशेब ८० ला केला तर साधारण ६५ मीटर. वेग पाचव्या हिश्श्याने कमी, अंतर मात्र सव्वीस-सत्तावीस मीटरने. कारण वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. हे गणित २३० अश्वशक्तीला बदलता येत नाही. शक्ती वेग वाढवते, माणसाचा दीड सेकंद कमी करत नाही.

त्या नव्वद मीटरमध्ये तुमच्या या भागात काय काय असते, हे आम्ही तुम्हाला काय सांगावे! हंगामात उसाचे दोन दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. कडब्याची बैलगाडी. तेरामैलच्या चौकात एसटीतून उतरून रस्ता ओलांडणारी म्हातारी. दुभाजकाला वळसा लांब पडतो म्हणून उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती आहेत. पायी चालणारे ३२ हजारांवर होते.

आता पुन्हा इतिहासाकडे या. परवान्याच्या काळात चालवणाऱ्याचा अनुभव मोजला जात नव्हता, उदारीकरणानंतर तो मोजला जाऊ लागला. हा पल्ला खरा आहे. पण तो चालवणाऱ्याच्या खुर्चीपाशीच थांबला. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला कुणी 'आजी, ही गाडी तुम्हाला कशी वाटते' असे विचारले नाही. २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही धडक चाचणी सुरू झाली, ती स्वागतार्हच आहे. पण तिचे तारे प्रामुख्याने आत बसलेल्यांच्या सुरक्षेचे आहेत. बाहेरचा माणूस अजून त्या रांगेत उभा आहे, जिथे पूर्वी पद्मिनीचे गिऱ्हाईक उभे असे.

आणि एक गंमत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टाविया आरएस आली. २६५ अश्वशक्ती, किंमत पन्नास लाखांच्या घरात, भारतासाठी फक्त १०० गाड्या, परदेशातून तयार आणलेल्या. ऑनलाइन नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत सगळ्या गेल्या. म्हणजे शंभर माणसांनी ती गाडी चालवून न पाहताच घेतली! टंचाई पूर्वी सरकारी परवान्याची होती, आता ती विक्रीची युक्ती आहे. पण टंचाई आली की प्रत्यक्ष प्रमाण पहिल्यांदा बाहेर पडते, शब्द उरतो, हे दोन्ही काळांत सारखेच.

तर सांगायचे एवढेच. या सभेत तरुण मुले बरीच दिसतात. साखर कारखान्याचे बिल आले, जमिनीचा मोबदला आला, की गाडी घेतली जाणार. अवश्य घ्या, आणि चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पण त्या फेरीत दोन गोष्टी वाढवा. मोकळ्या जागी, मागे कुणी नाही असे पाहून, ऐंशीच्या वेगावरून पूर्ण ब्रेक लावून बघा आणि उतरून ते अंतर पावलांनी मोजा. आणि दुसरी : मित्राला गाडी चालवायला द्या आणि आपण तेरामैलच्या चौकात, रस्त्याच्या कडेला, पाच मिनिटे उभे राहा. ती गाडी आपल्या अंगावरून कशी जाते, ते तिथून बघा. मग ठरवा.