गावबाचा हट्ट : 'रामायण' मालिकेच्या भक्त-प्रेक्षकांची पूर्वपीठिका

१/ २५ जानेवारी १९८७, रविवार. सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. पुढचे दीड वर्ष रविवारच्या सकाळी देशभर रस्ते ओस पडू लागले. अनेक घरांत दूरदर्शन संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, आणि माणसे स्नान उरकूनच त्यासमोर बसत. या भक्तीकडे तेव्हा अनेकांनी भाबडेपणा म्हणून पाहिले. मराठी मुलखात मात्र तिला जुनी वहिवाट होती. #धागा

२/ जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे जुन्या तटबंदीचे, तालुक्याचे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. तोवर जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे संत एकनाथांचे पैठण आणि जाफराबाद एकाच जिल्ह्यातली. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज याच जालना जिल्ह्यात आहे. रामकथा या भागात नवी नव्हती. ती ऐकण्याची रीतही ठरलेली होती.

३/ ती रीत पोथीची. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्या घरी पोथी लावायची. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. ग्रंथाला गंध-फूल वाहायचे, ठरल्या वेळी जमायचे, समाप्तीला प्रसाद वाटायचा. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' आणि श्रीधरांचा 'रामविजय' असेच पिढ्यान् पिढ्या ऐकले गेले. वाचता न येणाऱ्यांनाही ते तोंडपाठ असत.

४/ 'भावार्थ रामायणा'चा शेवट येथे महत्त्वाचा आहे. परंपरेनुसार एकनाथांनी युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत रचना केली. उरलेला ग्रंथ गावबाने पुरा केला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या हट्टामुळे नाथांच्या घरी आलेला मुलगा, अशी कथा सांगतात. कथेतला तपशील बाजूला ठेवला, तरी तिचा आशय स्पष्ट आहे : अपुरी कथा पुरी करण्याचा अधिकार परंपरेने एका श्रोत्याकडे दिला.

५/ पुढचा टप्पा नभोवाणीचा. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत. वर्षभराचा बेत अधिक मासामुळे लांबला आणि गीतांची संख्या ५६ झाली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. दूरदर्शन संचाची पूजा व्हायला अजून ३२ वर्षे होती.

६/ त्या वर्षी जाफराबाद हैदराबाद राज्यात होते आणि पुणे मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यसीमा दोघांना वेगळे करत होती. पोथीची रामकथा मात्र दोन्हीकडे एकाच भाषेत ऐकली जात होती.

७/ सागर यांच्या मालिकेत मराठी धागे उघड होते. तिच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन यांच्या बरोबरीने मराठी 'भावार्थ रामायणा'चाही उल्लेख होता. मंथरा होत्या ललिता पवार, दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली तमाशातली नायिका मराठी प्रेक्षकांना आता राममाता म्हणून दिसत होती. पैठणहून निघालेली ओवी हिंदी संवादांत मिसळून मराठवाड्यात परत आली होती.

८/ आधी ठरलेले ५२ भाग वाढून ७८ झाले. ३१ जुलै १९८८ रोजी मालिका राज्याभिषेकाशी संपली. सीतात्याग, वाल्मीकींचा आश्रम, कुश-लव हे काहीच नव्हते. 'गीतरामायणा'ची सुरुवातच कुश-लवांच्या गायनाने होते. ते ऐकलेल्या श्रोत्याला ही उणीव सांगावी लागत नव्हती.

९/ ही उणीव सर्वांत तीव्रतेने बोलून दाखवली ती सफाई कामगारांनी. जालंधर येथे वाल्मीकी समाजातील कामगारांनी उत्तरकांडाच्या मागणीसाठी संप पुकारला आणि तो उत्तरेतील इतर शहरांत पसरला. ज्या ऋषीचे नाव हा समाज लावतो, तो ऋषी उत्तरकांडात स्वतः पात्र म्हणून वावरतो. कथा तेथवर न नेणे म्हणजे आपल्यालाच कथेबाहेर ठेवणे, असा त्या संपाचा अर्थ होता. सरकारला नमावे लागले आणि पुढे 'उत्तर रामायण' मालिका आली.

१०/ या भक्तीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ मध्ये इशारा दिला होता : रामकथा अनेक आहेत, सरकारी वाहिनीने एकच कथन घरोघर पोहोचवले की बाकीची मागे पडतात. हा धोका खरा होता. पोथी सांगणारा गावागणिक बदलत असे, श्रोता त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारू शकत असे. पडद्याला प्रश्न विचारता येत नव्हता. श्रेयनामावलीत अनेक रामायणे होती, पण प्रेक्षकांच्या मनात राम म्हटले की एकच चेहरा उभा राहू लागला.

११/ २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, मालिका पुन्हा प्रसारित झाली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. आता दारे बंद होती. प्रत्येक घर आपापल्या संचासमोर बसले होते, आणि शेजाऱ्यांनी एका खोलीत दाटीवाटीने जमण्याची ती जुनी सकाळ मात्र परतली नव्हती.

१२/ म्हणून १९८७ च्या प्रेक्षकाची आठवण केवळ हार-उदबत्तीपुरती ठेवणे अन्यायाचे आहे. पोथीपुढे बसणारा श्रोता नमस्कार करत असे आणि कथा अर्धवट राहिली तर तिच्यावर हक्कही सांगत असे. गावबाने तो हक्क लेखणीने बजावला, सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवून.